तुळसक्का निजवून बघते

तुळसक्काला बसलेली मी फार थोड्या वेळा पाहिली, आणि आडवी झालेली एकदाच. धंदा गाद्यांचा, पण निजायचं ते गिऱ्हाइकांनी. ही बाई सदा उभी. चहासुद्धा चालत चालत. दोन घोट कापायच्या टेबलापाशी, दोन शटरपाशी, आणि मग कप कुठे ठेवला ते विसरून सगळ्या दुकानावर ओरडणार. कप सापडायचा फोमच्या चळतीवर. त्या थराला पडलेला चहाचा गोल डाग बघून ती आणखी ओरडायची, आणि तो तुकडा मग उश्यांमध्ये जायचा.

बुटकी, रुंद बाई. कॉटनची साडी घोट्याच्या वर खोचलेली, नाकाला दोन्ही बाजूंनी चमक्या, केसांत कायम फोमचा भुसा. बोलणं मराठीत सुरू व्हायचं, मधेच कन्नडमध्ये वळायचं आणि चिडली की हिंदीत शिरायचं. हिंदी तिला नीट येत नव्हती, पण चिडण्यापुरती भरपूर होती.

आमची पहिली भेट बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत झाली. मी तिथे एका फोम बनवणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात होते. मी निपाणीच्या बाजूची. आई विड्या वळायची, वडील तंबाखूच्या वखारीत हमाल. आमच्या घराण्यात कॉलेजचा दरवाजा पाहिलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. कंपनीत पावासारखे फुगलेले फोमचे प्रचंड ठोकळे तयार व्हायचे. त्यातला तुकडा कापायचा, वजन करायचं, दाबायचा आणि परत किती उसळतो ते बघायचं, हे माझं काम.

एके दिवशी ही बाई सरळ आत आली. कापडी पिशवीतून एक तुकडा काढून तिनं मॅनेजरच्या टेबलावर आपटला. फोम तो, आपटल्यावर आवाजच झाला नाही. त्यामुळे ती जास्तच भडकली.

"हा फोम आहे की शिळी इडली? बसलेला उठत नाही!"

मॅनेजर कन्नडमध्ये समजावत होता. मी कोपऱ्यात आईशी फोनवर बोलत होते. बाईचे कान तिकडे. मॅनेजरला तसाच बोलत ठेवून ती माझ्याकडे वळली.

"तू मराठी की?"

"हो. निपाणीची."

"आम्ही इथलेच. कुठल्याशा राजाच्या फौजेबरोबर आलो म्हणून आजोबा सांगायचे. घोड्यावर बसून आलो की घोड्यामागून चालत, ते मात्र सांगायचे नाहीत. शिकलीस काय?"

"बीएस्सी. केमिस्ट्री."

"सरी. मग सांग, हा माल खरा की खोटा?"

मॅनेजर माझ्याकडे बघत होता. मी तुकडा काट्यावर ठेवला, माप घेतलं आणि म्हटलं, "सांगितलाय त्यापेक्षा हलका आहे. यात माल कमी, हवा जास्त." खरं ते बोलले. त्या संध्याकाळी मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावून पुष्कळ काही सुनावलं, आणि पुढच्या महिन्यात मी यशवंतपूरला तुळसक्काच्या दुकानात कामाला लागले होते. तिनं मला शेवटपर्यंत नावानं हाक मारली नाही. मी बीएस्सी. "ए बीएस्सी, हे बघ." गिऱ्हाइकांसमोर तर मुद्दाम मोठ्यानं. मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढे लॉऱ्या, कांद्याचा वास, हॉर्न. खाली दुकान, मागे कापायची जागा, वर एकच मोठी खोली आणि स्वयंपाकघर, तिथे अक्का आणि तिची धाकटी बहीण पारू. वडलांचा कापसाच्या गाद्यांचा धंदा होता. ते गेल्यावर अक्कानं तो सांभाळला, लग्न केलं नाही, आणि कापसाचे दिवस सरल्यावर फोम आणला. तयार गादी ती विकायचीच नाही. खाली टणक थर, मधे आधाराचा, वर मऊ, आणि कशावर काय ते माणूस बघून ठरणार. त्यावर चेनचं कव्हर. "नाही जमलं तर चेन उघडायची, थर बदलायचे. नवरा बदलता येत नाही, थर येतात," असं ती नव्या नवऱ्यांच्या तोंडावर सांगायची.

गिऱ्हाईक आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "झोपणार कोण?"

मग पलंगावर थर रचायचे आणि वर जुनी चादर घालायची, आतलं काही दिसू नये म्हणून. "दिसलं की लोक रंगावर जातात. निळा म्हणजे गार, पिवळा म्हणजे जुना. पाठीला डोळे आहेत का?" माणूस आडवा झाला की ती बोलणं थांबवायची. पाय मात्र चालूच. पलंगाभोवती फेऱ्या. कसं वाटतंय, हे ती कधी विचारायची नाही. "विचारलं की छान म्हणतात. लग्नात जेवण कसं होतं विचारल्यावर म्हणतात, तसं." ती वाट बघायची माणूस कुशीवर वळण्याची. वळला की खांदा किती रुतला आणि कंबर लोंबते का, ते वाकून बघायची. बाई असेल तर कमरेखाली हात सरकवायची, पुरुष असेल तर लाकडी फूटपट्टी. पट्टी आरपार गेली तर वरचा थर मऊ हवा. शिरलीच नाही तर माणूस बुडतोय, मधला थर टणक घाला.

आमची भांडणंही व्हायची. डिसेंबरात मेमरी फोमचा माल आला तेव्हा तिनं सकाळी मूठ दाबून बघितली आणि मला बोलावलं. "लाकूड पाठवलंय." मी म्हटलं, "अक्का, हा फोम थंडीत कडक होतो. अंगाची ऊब लागली की सैल पडेल." तिला पटलं नाही. तिनं एक तुकडा इडलीच्या भांड्याशेजारी ठेवला, एक बाहेर पायरीवर, आणि सकाळभर वर-खाली करत दोन्ही दाबत राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र गिऱ्हाइकाला सांगत होती, "हा फोम थंडीत रुसतो. आमच्या बीएस्सीनं शोध लावलाय." शोध माझा नव्हता. पण मी दुरुस्ती केली नाही.

एकदा के. आर. पुरमच्या पलीकडे आयटीत असणारा एक मुलगा आला. मूळचा साताऱ्याचा, पुण्यात शिकलेला.

"मॅम, बाबांसाठी ऑर्थोपेडिक मॅट्रेस हवीय. हार्डमधली बेस्ट. मागच्या दिवाळीला एक पाठवली होती, पण ती कम्फर्टेबल नाहीये असं आई म्हणते."

"झोपणार कोण?"

"बाबा. मी ट्राय करतो ना." आणि बूट काढून तो चढलासुद्धा.

"ऊठ."

"हं?"

"ऊठ की. बापाचं नाक तुला आलंय ते दिसतंय. पाठ पण आलीय का? लाव फोन. तोंड दिसतं तो."

साताऱ्याचे बाबा बनियनवर होते. परकी बाई बघून ते दचकले आणि शर्ट शोधायला लागले. "शर्ट राहू दे अण्णा," अक्का म्हणाली, "जरा आडवे व्हा."

"कोण आहेत या?" बाबांनी मुलाला विचारलं.

"अहो व्हा ना आडवे," मागून आईचा आवाज. "डॉक्टर असतील."

बाबा उताणे पडले, हात छातीवर, फोटो काढायला निघाल्यासारखे. "मी असाच झोपतो."

"काही नाही हो!" आई म्हणाली. "डाव्या कुशीवर झोपतात. आणि पहाटे उठून खुर्चीत जाऊन बसतात."

"खुर्चीत? बाबा, कधीपासून?" मुलानं विचारलं. अक्कानं फोन त्याच्या हातातून घेतला आणि शटरपर्यंत गेली. तिथे येरझाऱ्या घालत ती बराच वेळ त्या माणसाशी बोलली. परत आल्यावर तिनं मुलाला सांगितलं, "त्यांचा खांदा दुखतो. तू पाठवलीस ना कडक गादी, त्यावर कुशीवर झोपलं की खांद्याला घाव बसतो. मुलानं एवढ्या लांबून पाठवली, नको कसं म्हणायचं? तुझं प्रेम स्वल्प कडक होतं बघ. वरून मऊ थर घालू."

मुलगा पावतीच्या टेबलापाशी बराच वेळ बूट घालत होता.

जोडपं असेल तर तिचा नियम आणखी कडक. "जोडीनं निजल्याशिवाय माप नाही." एकदा नवी जोडी सासूला घेऊन आली. मुलगा चांगला आडवा-तिडवा, सून वाळक्या शेंगेसारखी. सासूसमोर नवऱ्याशेजारी निजायचं म्हणजे पोरीनं डोळे गच्च मिटून घेतले. अक्कानं सासूला वर पारूकडे चहाला धाडलं. मग बघितलं तर नवरा वळला की खड्डा पडतोय आणि बायको त्यात घरंगळतेय. "रोज असंच?" अक्कानं विचारलं. पोरगी म्हणाली, "सवय झालीय." अक्कानं एका कव्हरमध्ये दोन वेगळ्या अर्ध्या गाद्या केल्या, त्याच्या वजनाची त्याला आणि तिच्या वजनाची तिला. "सवय झालीय म्हणजे काय," पुढचे कित्येक दिवस ती पुटपुटत होती. "दात दुखायची पण सवय होते."

अशी ही बाई. आणि तिच्या स्वतःच्या घरात पारूमावशीला झोप येत नव्हती.

पारूमावशी म्हणजे अक्काची अगदी उलट बाजू. शांत, सावकाश, बोलायच्या आधी पदर सारखा करणारी. लवकर विधवा झाली आणि लहान सुनंदाला घेऊन बहिणीकडे परत आली. तेव्हापासून दोघी बहिणी वरच्या खोलीत एकाच मोठ्या पलंगावर झोपत आल्या. लहानपणीही तशाच झोपायच्या. सुनंदा लग्न होऊन के. आर. पुरमला गेली. गेल्या वर्ष-दीड वर्षात मावशीचे डोळे खोल गेले, दिवसा तांदूळ निवडताना पेंग यायची, एकदा गॅसवर दूध तसंच राहून भांडं जळलं. सुनंदा दुकानात येऊन अक्काशी भांडली. अक्काला ती दोड्डम्मा म्हणायची, आईची थोरली बहीण म्हणून.

"दोड्डम्मा, आईला मी घेऊन जाते. कायमची. आमच्याकडे आली की चटईवर पडते आणि घोरते. इथे तुमच्या फोमवर रात्रभर जागी!"

"चटईवर?" अक्काच्या कानात तेवढंच शिरलं. बहीण जाण्यापेक्षा चटईनं तिला आधी घायाळ केलं.

"चटईवर. जमिनीवर."

अक्का दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आली. मग जिन्यात उभ्या पारूमावशीला म्हणाली, "गौरी-गणपतीपर्यंत थांब. मी तुला गादी करून देते. त्यावर झोप आली नाही, तर जा खुशाल. मी अडवणार नाही."

"बरं अक्का," पारूमावशी म्हणाली. ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

तिथून पुढचे आठवडे दुकानात कुणाला चैन नव्हतं. अक्कानं पहिल्यांदा वर मेमरी फोम घातला. सकाळी विचारलं, "कसं?" ज्या बाईनं गिऱ्हाइकांना कधी हा प्रश्न केला नाही, ती जिन्याखाली उभं राहून बहिणीला विचारत होती. "छान आहे," पारूमावशी म्हणाली. डोळे लाल. मग लॅटेक्स आणला. रबराच्या झाडाचा, उसळीचा थर तो. त्याचा वास खोलीभर. तेही छानच. डोळे तसेच. मग चटईची गोष्ट अक्काच्या डोक्यातून जाईना म्हणून तिनं फोमच्या चुऱ्याचा दाबून केलेला सगळ्यात टणक थर टाकला. दुसऱ्या दिवशी पारूमावशी जिना उतरताना कमरेला हात लावून उतरली. "छान आहे अक्का. जरा कडक, पण छान." अक्कानं परत चेन उघडली. पुन्हा वर लॅटेक्स.

रोज दुपारी ती पारूमावशीला खालच्या पलंगावर निजवायची. भोवती फेऱ्या, वाकून बघणं, कमरेखाली हात. माप अचूक. खांदा हवा तेवढा रुततोय, पाठ सरळ. आणि खरी गंमत अशी की तिथे पारूमावशीला घटकाभर डोळाही लागायचा! "बघ, झोपली की!" अक्का मला खुणेनं सांगायची. तीच गादी वर नेली की सकाळी पुन्हा डोळे लाल. अक्का गिऱ्हाइकांवर खेकसायला लागली. एकाला म्हणाली, "तुम्हाला गादी नको, काम नाही म्हणून झोप येत नाही." तो निवृत्त मास्तर होता, बिचारा निघूनच गेला.

गणपतीच्या मूर्ती बाजारात मांडल्या गेल्या तसा मला धीर धरवेना. रविवारची दुपार, शटर अर्धं ओढलेलं. पारूमावशी पलंगावर, अक्का फेऱ्या मारतेय.

मी म्हटलं, "अक्का, वर तुम्ही दोघी झोपता ना?"

"मग?"

"माप एकटीचं घेताय."

"माझं कशाला? मी पडले की दगड. मला कुठेही झोप येते."

"जोडीनं निजल्याशिवाय माप नाही, हे कोण म्हणतं?"

"ते नवरा-बायकोला गं!"

"फोमला नवरा-बायको कळतात का?"

पारूमावशी घाईनं उठून बसायला लागली, "राहू दे गं बीएस्सी, तिला कामं आहेत." पण अक्काला कुणी आव्हान दिलेलं सोसायचं नाही. "सरक," ती म्हणाली, आणि चपला फेकून पलंगावर आडवी झाली.

त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा आडवी पाहिली. आणि काय सांगू, ती आडवी झाली म्हणजे फक्त दिशा बदलली. आधी उताणी. मग डावीकडे. मग पदर ओढून काढला. मग पाय पोटाशी, पाय लांब, टाच टाचेवर घासतेय. कोपरावर उठून, "तो पंखा कुरकुरतोय, तेल घाला." पुन्हा धपकन खाली. उजवीकडे. प्रत्येक वेळी लॅटेक्स उसळायचा आणि शेजारी पारूमावशीचं अख्खं अंग होडीसारखं वर-खाली व्हायचं. मग अक्काला झोप लागली, खरंच दगडासारखी. पण हा दगड झोपेतही गडगडत होता. पारूमावशीचे डोळे उघडे, छताकडे. माझी नजर गेली तिच्या बाहेरच्या हाताकडे. त्या हातानं तिनं गादीची कड घट्ट धरली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

तिनं दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवून मला खुणावलं. बोलू नकोस.

बोलायची वेळच आली नाही. बाहेर लॉरीनं हॉर्न दिला, अक्का दचकून जागी झाली, कोपरावर उठली, आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात तिला तो हात दिसला. लोकांना निजवून त्यांचे हात-पाय बघण्यात जिचा जन्म गेला, तिला सांगावं काय लागणार होतं? ती सावकाश उठून बसली. तिला मी काही सावकाश करताना पहिल्यांदा पाहत होते.

"पारू. हात."

"काय हात?" पारूमावशीनं कड सोडली.

"कधीपासून धरतेस?"

"सवय आहे अक्का."

"लहानपणी तू खाटेवरून पडायचीस म्हणून धरायचीस. मला आठवतंय."

"पडायचे नाही गं अक्का," पारूमावशी हलकेच म्हणाली. "तू पाडायचीस."

मला हसू फुटलं ते मी दाबलं. अक्का हसली नाही.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"थोरलीला काय सांगायचं? आणि आधी एवढं कळायचं नाही. वय होतं, लागायची झोप. आता एकदा जाग आली की येत नाही." मग पदर सारखा करत, "तू दिवसभर उभी असतेस. रात्री तरी तुला हवं तसं पडू दे म्हटलं."

अक्का उठली, चपला शोधल्या, सापडल्या नाहीत, तशीच अनवाणी मागे गेली. कापायचं यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. रविवार होता, तरी.

तिनं एका कव्हरमध्ये दोन अर्ध्या गाद्या केल्या, थेट तळापर्यंत वेगळ्या. पारूच्या बाजूला खाली टणक, मधे आधाराचा, वर मेमरी फोमचा जाड थर, कारण तो हादरा गिळतो, पुढे जाऊ देत नाही. हे मी सांगितलं आणि या वेळी तिनं भांडण केलं नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी गादी वर गेली. आणि सणाच्या सकाळी गल्लीत ढोल वाजायला लागले तरी पारूमावशी उठली नाही! अक्का पूजेच्या ताटाला हात न लावता शेजारी-पाजारी सांगत सुटली, "अजून झोपलीय. ऐकलंत का, अजून झोपलीय."

पैज अक्कानं जिंकली. आता पारूमावशी राहणार, असं मीच काय, सगळ्यांनी धरलं. मावशीच्या डोळ्यांखालचं काळं उतरायला लागलं. पण अक्काची रया जाऊ लागली. तिनं दोनदा चुकीचा थर कापला. शटरपाशी उभ्या उभ्या तिचे डोळे मिटायचे. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, यंदा उकडतंय." बंगळूरला सप्टेंबरात कसलं उकडतंय!

गणपती उलटून दोन आठवडे झाल्यावर सुनंदा जेवायला आली होती. जेवणं झाल्यावर ती दुकानात येऊन म्हणाली, "दोड्डम्मा, तुम्ही जिंकलात. आई राहू दे इथेच."

"नको," अक्का म्हणाली. "घेऊन जा."

पारूमावशी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. ती उठलीच. "अगं, मला झोप लागते की आता!"

"लागते. मला माहीत आहे, मी बघत असते." अक्का कापायच्या टेबलाभोवती फिरत होती. "मी वळले तरी तुझ्या बाजूला काही कळत नाही आता, हे बीएस्सी सांगते आणि मलाही पटतं. पण अंगाला पटत नाही. वळायचं म्हटलं की तुझा हात दिसतो. मग मी काठीसारखी पडून राहते. तुझी झोप झाली, माझी गेली. असली गादी मी गिऱ्हाइकाला दिली असती का?"

"मी खाली झोपते," पारूमावशी म्हणाली. "दुकानात."

"दुकानात काय झोपतेस! लॉऱ्या ऐकत? आणि वर दोन खाटा केल्या तरी खोली एकच. तिकडे पोरीकडे वेगळी खोली आहे. जा."

"म्हणजे तू मला घालवतेस?"

"होय की." आणि मग आवाज एकदम चढवून, "पण चटईवर नाही! चटईवर झोपलीस म्हणून पुन्हा कानावर आलं तर मी तिथे येऊन तमाशा करीन. माझी अब्रू आहे बाजारात."

ती वर गेली. कव्हरच्या चेनचा लांब आवाज खाली ऐकू आला. पारूमावशीची अर्धी गादी तिनं एकटीनं जिन्यावरून ओढत आणली, कुणाला हात लावू दिला नाही. सुनंदाच्या घरातल्या खाटेचं माप विचारलं, कडेनं चार बोटं कापून घेतली, नवं कव्हर घातलं. टेम्पोत गादी चढवून झाल्यावर पारूमावशी पाया पडायला वाकली, तर ही दोरीची गाठ तपासायला दुसऱ्या बाजूला गेलेली. मावशी तशीच वाकून थांबली. अक्का फिरून आली तेव्हा तिचे पाय मावशीच्या हाताला लागले.

"पुरे, पुरे. उशीर होतोय. ट्रॅफिक लागेल."

पुढे मला एका तपासणी प्रयोगशाळेत चांगली नोकरी लागली. अक्कानं "जा, बीएस्सी झालीस ते फोम उचलायला का?" असं म्हणून निरोप दिला आणि पाठ वळवून गिऱ्हाइकाला "झोपणार कोण?" विचारायला लागली. त्यानंतर ती मला एकदाच भेटली, मॅजेस्टिकच्या मेट्रो स्टेशनात, शनिवारी संध्याकाळी. गर्दी म्हणजे नुसती रेटारेटी. खांद्याला पिशवी, पिशवीतून डोकावणारा डबा, साडी घोट्यावर. मी हाक मारली.

"अय्यो, बीएस्सी! जाड झालीस. बरं झालं, आधी नुसती हाडं होती."

"कुठे निघालात अक्का?"

"के. आर. पुरम. दर शनिवारी जाते की. उद्या संध्याकाळी परत."

"मावशी झोपतात?"

"झोपते म्हणजे! सुनंदा म्हणते आईला उठवायलाच लागतं."

"आणि तुम्ही? तिकडे कुठे झोपता?"

"हॉलमध्ये. मी हॉलमध्ये, ती खोलीत. रात्री मी कशी का लोळेना. मधे विटांचा थर आहे," ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली. "तुझ्या यंत्रात घालून बघ. हादरा अजिबात पलीकडे जात नाही. आणि पहाटे ती खोलीतून हाक मारते, अक्का, चहा ठेवू का? मी म्हणते, ठेव. भिंतीतून बरोबर ऐकू येतं."

मी पत्ता विचारणार होते, फोन नंबर बदललाय ते सांगणार होते, पण तिचं लक्ष वर गाडीच्या आवाजाकडे लागलं होतं. "ती बघ आली. ये कधीतरी. पारू विचारते तुला." आणि ती निघालीसुद्धा. सरकत्या जिन्यावर सगळी माणसं उभी होती, एका पायरीवर एक, मोबाईल बघत, जिना नेईल तशी वर जात. त्यांच्यामधून तुळसक्का डबा उंच धरून चढत होती. "सरी सरी, जागा द्या, स्वल्प जागा द्या."

वर पोचेपर्यंत ती थांबली नाही.